पेशी बघायची कशी: कांद्याच्या पापुद्र्यापासून लाळेच्या थेंबापर्यंत

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी रविवारी सकाळी पोहे होतात, आणि ताटल्या उचलल्या की त्याच टेबलावर मायक्रोस्कोप येतो. आसपासची नववी ते अकरावीची मुलं येतात, कधी त्यांच्या आयाही बसतात. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, अशी ही मुलं. पहिल्याच रविवारी एका मुलीनं विचारलं होतं, "काकू, तुम्ही सारखं पेशी पेशी म्हणताय, पण पेशी म्हणजे मसल ना?"

तिची काहीच चूक नव्हती. तिच्या हिंदी पुस्तकात पेशी म्हणजे खरोखरच स्नायू. आपण मराठीत ज्याला पेशी म्हणतो ती हिंदीत कोशिका. त्यात भर म्हणजे हिंदी पुस्तकातला 'स्नायु' हा दोन हाडं बांधून ठेवणारा पट्टा असतो, म्हणजे आपला अस्थिबंध. माळव्यात मराठी वळणानं जीवशास्त्र शिकायचं तर हा गुंता आधीच सोडवून घ्या. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा आणि शब्द भेटतील तसे भरत जा: पेशी–कोशिका, ऊती–ऊतक, तंतुकणिका–सूत्रकणिका, रिक्तिका–रसधानी. बाकीची नावं मात्र आज पाठ करायची नाहीत.

पुस्तकात पेशीचं एक रंगीत चित्र असतं, त्याला बारा-चौदा बाण आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला एक नाव. बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच कंटाळतात. मी उलट्या क्रमानं शिकवते. जे डोळ्यांना दिसतं ते आधी बघायचं. जे दिसत नाही त्याच्यासाठी एकाच रेणूचा माग काढायचा, तो कुठे जन्मतो आणि कुठून कुठे जातो ते बघायचं. वाटेत जी जागा लागेल तिचं नाव तेव्हा विचारायचं. मग ते विसरलं जात नाही.

सामान

विद्यार्थ्यांचा साधा मायक्रोस्कोप पुरतो. वर दहा पटींचं भिंग, खाली चार, दहा आणि चाळीस पटींची तीन. दोन्हींचा गुणाकार करायचा, म्हणजे ४०, १०० आणि ४०० पट. नवा घेणं जमत नसेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत अर्धा तास मागून घ्या, मागितलं की बहुधा मिळतो. कागदाची घडी घालून बनवलेला फोल्डस्कोपही चालतो. तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो, कांद्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

काचपट्ट्या आणि त्यांच्यावर ठेवायच्या पातळ आच्छादक काचा शाळा-कॉलेजांना सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. रंगासाठी दोन गोष्टी लागतात. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन, पाणी घालून कोऱ्या चहाच्या रंगाचं केलेलं. आणि मिथिलीन ब्लू. हा निळा रंग शोधत लोक गावभर हिंडतात, पण माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात तो माशांचं औषध म्हणून ठेवलेला असतो. एक थेंब वाटीभर पाण्यात, फिकट आकाशी रंग येईपर्यंत.

आयोडीन चांगलं आहे का हे तपासायला भिजवलेल्या पोह्याचा एक दाणा घ्या आणि त्यावर थेंब टाका. पोहा काळानिळा झाला की आयोडीन ठीक आहे. हा पोहा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

मायक्रोस्कोपला आरसा असेल तर तो खिडकीकडे वळवा, सूर्याकडे कधीही नाही. डोळा जाईल. आच्छादक काच फुटली तर बोटात शिरते, म्हणून लहान भावंडांना टेबलापासून लांब ठेवा.

कांदा

पांढरा किंवा लाल, कुठलाही कांदा चौघडीनं चिरा. एक जाड पाकळी सुटी करून तिच्या आतल्या, खोलगट बाजूनं नखानं पापुद्रा ओढा. भिजलेल्या प्लास्टिकसारखा पातळ तुकडा निघतो. नखाएवढाच घ्या. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो सुरकुती न पडता पसरा, आयोडीनचा एक थेंब टाका, आणि आच्छादक काच एका कडेनं टेकवून हळूहळू खाली निजवा. सरळ वरून टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात. गोल, जाड काळी किनार असलेला बुडबुडा नव्या माणसाला हमखास पेशी वाटतो. पहिल्या दिवशी आमच्याकडे निम्म्या वह्यांत बुडबुड्याचं चित्र असतं.

आधी सगळ्यात लहान भिंग लावा. मोठ्या भिंगाकडे जाताना डोळा बाजूला घेऊन लेन्स काचेला टेकत नाही ना हे बघा, आणि चाळीसच्या भिंगावर फक्त छोटं चाक फिरवा.

विटांच्या भिंतीसारख्या ओळी दिसतील. प्रत्येक वीट म्हणजे एक पेशी. विटांमधली रेघ म्हणजे पेशीभित्तिका, सेल्युलोजची. १६६५ साली रॉबर्ट हूकनं बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले आणि ज्यांना त्यानं 'सेल' म्हटलं, त्या अशाच भिंती होत्या. मात्र बूच मेलेलं होतं, त्यात आत काही उरलं नव्हतं. तुमच्या कांद्यात प्रत्येक विटेत एक पिवळट तपकिरी ठिपका आहे. ते केंद्रक. ऑर्किडच्या पेशींत ते बघून त्याला नाव दिलं रॉबर्ट ब्राऊननं, १८३१ मध्ये. म्हणजे कप्पा दिसल्यापासून त्यातला ठिपका नीट ओळखायला दीडशेहून जास्त वर्षं गेली.

आता इथे थांबा आणि पाच-सहा पेशी निरखून बघा. केंद्रक मध्यभागी आहे का? बहुतेक पेशींत ते भिंतीला चिकटलेलं दिसेल. मधली जागा रिकामी वाटते, पण ती रिकामी नाही. तिथे पाण्यानं भरलेली एक मोठी पिशवी आहे आणि तिनं केंद्रकाला कडेला ढकललंय. तिचं मराठी नाव रिक्तिका. मला स्वतःला हिंदीतलं 'रसधानी' जास्त पटतं, कारण पिशवीत साखर, क्षार, रंग असा रस भरलेला असतो.

आणखी एक गोष्ट बघा, जी नाही ती. कांद्याच्या पापुद्र्यात हिरवं काही दिसणार नाही. तरीही दरवर्षी कुणीतरी पुस्तकातल्या वनस्पतिपेशीचं चित्र आठवून त्यात हिरवे दाणे काढतंच. कांदा जमिनीत वाढतो, या पापुद्र्यापर्यंत ऊन पोचत नाही, म्हणून इथे हरितलवकं नाहीत. एकाच रोपाच्या पातीत ती असतात. पेशीत काय असणार हे ती पेशी कुठलं काम करते त्यावर ठरतं.

पेशी केवढी आहे हे मोजायचं असेल तर सर्वांत लहान भिंगाखाली पारदर्शक मोजपट्टी ठेवा आणि दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये वाचा. दहाच्या भिंगावर तोच व्यास अडीच पट कमी होतो. त्या व्यासात लांबीला किती पेशी बसतात ते मोजून भागाकार करा. कांद्याची पेशी मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी लांब निघते, थोडी कमी-जास्त. हे गणित एकदा स्वतः केलं की पुढे 'मायक्रोमीटर' या शब्दाला वजन येतं. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रोमीटर.

मीठ

पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचा पडदा. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी आहे, त्यामुळे आपल्या मायक्रोस्कोपमधून तो वेगळा दिसत नाही. पण त्याचं काम दिसतं, आणि मला हा सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो.

यासाठी लाल कांदाच घ्या आणि पाकळीच्या बाहेरच्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा काढा. आयोडीन नको, नुसतं पाणी. पेशी पूर्ण जांभळ्या भरलेल्या दिसतील. हा रंग रिक्तिकेच्या रसात विरघळलेला आहे. आता अर्धा कप पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. आच्छादक काचेच्या एका कडेला त्याचा थेंब ठेवा आणि दुसऱ्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावा, म्हणजे मिठाचं पाणी काचेखालून ओढलं जाईल. डोळा भिंगावरून हलवू नका. एक-दोन मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत आकसायला लागेल. भिंत जागेवरच राहते, आणि आकसलेल्या जांभळ्या गोळ्याची बाहेरची कड म्हणजे पेशीपटल.

कैरीला मीठ लावून ठेवलं की पातेल्याच्या तळाशी पाणी सुटतं ते याचमुळे. पटलातून पाणी जातं, पण रंगद्रव्य आत अडकून राहतं. कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं हे पटल ठरवतं. ते मेदाच्या दोन थरांचं असतं आणि त्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. लगेच साधं पाणी आत ओढलंत तर पेशी पुन्हा भरतात. पेशी जिवंत होती याचा हा पुरावा.

गाल आणि दही

चूळ भरा. कानकाडीचा कापूस गालाच्या आतल्या बाजूला हलकेच फिरवा, काचपट्टीवर पुसा, किंचित वाळू द्या, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून काच ठेवा. स्वतःच्याच गालाचं घ्यायचं, दुसऱ्याचं नाही, आणि झाल्यावर काडी व काच ब्लीचच्या पाण्यात टाकायची.

इथे विटा नाहीत. फरशीच्या फुटक्या तुकड्यांसारख्या, कडा दुमडलेल्या सपाट पेशी दिसतात, साधारण ५० ते ६० मायक्रोमीटरच्या. प्राण्यांच्या पेशीला भित्तिका नसते, म्हणून आकार असा मोकळा. मध्ये गडद निळं केंद्रक. आणि पेशीवर बारीक निळे ठिपके दिसले की मुलं ओरडतात, "तंतुकणिका दिसल्या!" (तंतुकणिका म्हणजे इंग्रजी पुस्तकातल्या मायटोकॉन्ड्रिया.) नाहीत. ते तोंडातले जिवाणू आहेत, पेशीच्या वर बसलेले.

ही चूक मला आवडते, कारण तिच्यातून नेमकी मुद्द्याची गोष्ट शिकवता येते. दह्याच्या वरच्या पाण्याचा एक थेंब त्याच निळ्या रंगात ४०० पटींवर बघा. बारीक काड्या आणि ठिपके दिसतील. तो प्रत्येक ठिपका म्हणजे एक पूर्ण जीव, एक-दोन मायक्रोमीटरचा. गालाच्या एका पेशीवर असे शेकडो मावतील. जिवाणूच्या आत पडद्यानं वेगळं केलेलं केंद्रक नसतं, त्याचा डीएनए तसाच पेशीद्रव्यात, म्हणजे पेशीतल्या दाट द्रवात असतो. अशा पेशीला आदिकेंद्रकी म्हणतात. कांदा, गाल, बेकरीतलं यीस्ट आणि आपण सगळे दृश्यकेंद्रकी, म्हणजे केंद्रक वेगळं दिसणारे. केंद्रकाशिवाय या मोठ्या पेशीत पडद्यांनी बनवलेल्या आणखी खोल्या असतात, आणि प्रत्येक खोलीत वेगळं काम चालतं. पुढचा सगळा लेख या खोल्यांबद्दल आहे.

हिरवं आणि लाल

हायड्रिला ही पाणवनस्पती आणा. तीही माशांच्या दुकानातच मिळेल. सिरपूर तलावातून उपटून आणू नका. इंदूरचा तो तलाव २०२२ पासून रामसर, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आहे, तिथली वनस्पती तिथल्या पक्ष्यांसाठी राहू दे. हायड्रिलाचं पान फक्त दोन पेशी जाड असतं, म्हणून कापायची गरज पडत नाही. शेंड्याजवळचं एक पान तोडून पाण्याच्या थेंबात ठेवा. हिरवे दाणे दिसतील, सुमारे पाच मायक्रोमीटरचे. ही हरितलवकं, उन्हात साखर तयार करणारी. मधल्या शिरेजवळच्या पेशी पाच-दहा मिनिटं उजेडात धीरानं बघत राहा. दाणे भिंतीच्या कडेनं रांगेत फिरायला लागतात. ते स्वतः पोहत नाहीत. पेशीत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे तंतू ताणलेले असतात, त्यांच्यावरून मायोसिन नावाचं दुसरं प्रथिन चालतं आणि त्याच्या ओढीनं सगळं पेशीद्रव्य वाहतं. आपला दंड आखडतो तोही याच दोन प्रथिनांच्या जोडीनं.

टोमॅटोच्या गराचा कण काचेखाली दाबून बघा. त्यातला तांबडा रंग दाण्या-दाण्यांत आहे. लाल कांद्यात तो सगळ्या पेशीभर सारखा पसरलेला होता. ही खूण लक्षात ठेवा: रंग दाणेदार दिसला तर तो लवकात आहे, एकसारखा दिसला तर रिक्तिकेत. हिरवी मिरची पिकून लाल होते तेव्हा हरितलवकांचीच लाल लवकं होतात. बटाट्याची चीर घेऊन आयोडीन टाकलं तर काळेनिळे अंडाकार गोळे दिसतात, ती स्टार्च साठवणारी लवकं.

एका रेणूचा माग

इथून पुढे डोळ्यांची हद्द संपते. उजेडानं बघणारा मायक्रोस्कोप ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवू शकत नाही. म्हणून आता पोह्यांकडे वळू.

वाटीभर पाण्यात चमचाभर पोहे उकळा, गाळा, कोमट होऊ द्या. हे पाणी तीन वाट्यांत थोडं थोडं घ्या. एकीत काही नाही, दुसरीत थोडी लाळ, तिसरीत आधी उकळून गार केलेली लाळ. पंधरा-वीस मिनिटांनी तिन्हींत आयोडीनचा एक-एक थेंब टाका. पहिली आणि तिसरी निळी होतात, दुसरी होत नाही. लाळेतल्या अमायलेजनं स्टार्च तोडलं. हे अमायलेज म्हणजे एक प्रथिन, आणि उकळल्यावर त्याची घडी विस्कटते, म्हणून तिसऱ्या वाटीत ते निकामी ठरलं. आता प्रश्न असा की ते तोंडात आलं कुठून?

कानाच्या पुढे, गालगुंड झालं की जिथे सूज येते, तिथे लाळग्रंथी आहे. तिच्या एका पेशीत शिरू.

अमायलेज कसं बांधायचं याची कृती केंद्रकात, पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो, आणि तो सहा-सात मायक्रोमीटरच्या केंद्रकात राहतो. सगळं दहा लाख पट मोठं केलं तर केंद्रक एखाद्या दिवाणखान्याएवढं होईल आणि त्यात २ मिलिमीटर जाडीची, २००० किलोमीटर लांबीची दोरी गुंडाळलेली असेल. इंदूरहून मुंबईला जाऊन, परत येऊन, पुन्हा मुंबई गाठली तरी ही दोरी थोडी उरेल. ती हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेली असते म्हणून गाठी पडत नाहीत. या कृतीच्या किती प्रती असतात ते माणसागणिक बदलतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या भात-कंदासारखं स्टार्च भरपूर खाणाऱ्या समाजांत त्या सरासरीनं जास्त आढळतात.

मूळ पोथी केंद्रकाबाहेर जात नाही. जाते तिची नक्कल, संदेशवाहक आरएनए. नको असलेले तुकडे छाटून ती केंद्रकाच्या दुहेरी पडद्यातल्या छिद्रांपैकी एकातून बाहेर पडते. ही छिद्रं म्हणजे उघडी भोकं नव्हेत. कुणाला सोडायचं याची तिथे तपासणी होते.

बाहेर रायबोझोम तिला पकडतो. हा फक्त २५ ते ३० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे मायक्रोमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा. नक्कल वाचत वाचत तो एकेक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एकेक मणी, जोडत जातो. लाळेच्या अमायलेजची साखळी ५११ अमिनो आम्लांची. सेकंदाला पाच-सहा जोडली जातात, म्हणजे एक रेणू बांधायला साधारण दीड मिनिट.

पण पहिली पंधरा अमिनो आम्लं अमायलेजच्या कामाची नाहीतच. तो पत्ता आहे. तो बाहेर डोकावला की एक कण त्याला पकडतो, बांधकाम थोडं थांबवतो आणि रायबोझोमला आंतर्द्रव्यजालिकेपाशी, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यापाशी, नेऊन चिकटवतो. मग साखळी थेट जालिकेच्या आत ओवली जाते आणि आत गेल्यावर पत्त्याचा तुकडा कापून टाकला जातो. प्रथिनं स्वतःचा पत्ता सोबत घेऊन जन्मतात हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. जालिकेचा जो भाग रायबोझोम चिकटल्यामुळे खरखरीत दिसतो, त्याला खडबडीत आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. हे नाव आता पाठ करावं लागणार नाही.

जालिकेच्या आत साखळीला घडी पडते. घडी चुकली तर ते प्रथिन परत बाहेर काढून मोडलं जातं. नीट घडलेली प्रथिनं छोट्या पडदा-पुड्यांत भरून गॉल्गी संकुलाकडे जातात. चपट्या पिशव्यांची ही चळत कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये घुबडाच्या चेतापेशीत चांदीच्या क्षारानं रंगवून पाहिली. ही खरी रचना की रंगाचा डाग, असा वाद नंतर अर्धशतक चालला, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर मिटला. टपाल कार्यालयात पत्रं गावागावाप्रमाणे लावतात तसं इथे काम चालतं. काहींना साखरेच्या साखळ्या जोडायच्या, कुणी पेशीबाहेर जाणार, कुणी पटलात बसणार, कुणी लयकारिकेत, म्हणजे पचनाच्या पिशवीत, जाणार, हे सगळं इथे ठरतं.

अमायलेज इथून दाट पुड्यांत बांधलं जातं आणि पेशीच्या टोकाशी वाट बघत थांबतं. पुड्या आपोआप पोचत नाहीत. पेशीत सूक्ष्मनलिकांचे रूळ आहेत आणि त्यांवरून कायनेसिनसारखी प्रथिनं पुडी ओढत नेतात. मग सकाळी फोडणीचा, बडीशेपेचा, वर पेरलेल्या शेवेचा वास आला की चेतातंतू निरोप देतात. पुड्यांचा पडदा पेशीपटलाशी एकजीव होतो आणि आतलं अमायलेज नळीतून तोंडात.

हा मार्ग कुणी कल्पनेनं रचलेला नाही. जॉर्ज पालाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाला काही मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं आणि ते पुढे कुठे कुठे जातं ते बघितलं. सुमारे तीन मिनिटांनी ते जालिकेत होतं, वीसेक मिनिटांनी गॉल्गीत, दोनेक तासांनी साठवणीच्या पुड्यांत. मार्ग दाखवणारं घड्याळच त्यांनी लावलं होतं. १९७४ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत पालाडे होते.

हा प्रवास तुम्ही एका मोठ्या कागदावर स्वतः काढा. पुस्तक मिटून. अडलात की उघडा. माझ्या अनुभवात दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात तो कुठेही न थांबता काढता येतो.

वाटेत न लागलेल्या खोल्या

या सगळ्या कामाला ऊर्जा लागते आणि ती तंतुकणिकांतून येते. तंतू आणि कणिका, कधी दोऱ्यासारखी तर कधी दाण्यासारखी दिसणारी. मूळ ग्रीक नावाचा अर्थही हाच. ऑक्सिजन वापरून ग्लुकोजच्या एका रेणूतून साधारण ३० एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात, त्यातले बहुतेक इथे. तिला दोन पटलं आहेत, आतलं घड्या घातलेलं, आणि तिचा स्वतःचा छोटा गोल डीएनए आहे, माणसात ३७ जनुकांचा, फक्त आईकडून आलेला. कारण तिचे पूर्वज कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होते आणि दुसऱ्या पेशीत शिरून कायमचे राहिले. लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये हे जोरानं मांडलं तेव्हा फार थोड्यांना पटलं होतं, आज ते सर्वमान्य आहे. हरितलवकांचंही तसंच. आणि एक गैरसमज काढून टाका: वनस्पतींना हरितलवकं असतात म्हणून तंतुकणिका नसतात असं नाही. त्यांना दोन्ही असतात. रात्री ऊन नसताना त्यांचं चालणार कसं?

लयकारिका म्हणजे पचनाच्या पिशव्या. आत आम्लता जास्त, पीएच पाचच्या आसपास, आणि तिथली विकरं, म्हणजे अमायलेजसारखी तोडफोड करणारी प्रथिनं, त्या आम्लातच नीट चालतात. पिशवी फुटली तरी बाहेरच्या पेशीद्रव्यात ती मंदावतात, ही मोठी सोय आहे. मोडक्या तंतुकणिका, गिळलेले जिवाणू यांची विल्हेवाट इथे लागते.

गुळगुळीत जालिकेवर रायबोझोम नसतात. ती मेद बनवते, यकृतात औषधं निष्प्रभ करते, स्नायूत कॅल्शियम साठवते. पेरॉक्सिझोमचं काम मात्र टेबलावर दाखवता येतं: औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड कच्च्या बटाट्याच्या चकतीवर टाका, फसफसून फेस येतो. पेरॉक्सिझोममधलं कॅटालेज ते विष फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं. तारककाय, म्हणजे इंग्रजीतला सेंट्रिओल, प्राण्यांच्या पेशीत असतो, कांद्यात नसतो. सध्या एवढं पुरे.

शेवटी, पूर्ण जिवंत पेशी

आतापर्यंत तुकडे पाहिले. आता सगळं काम एकटीनं करणारी पेशी बघा. नळाचं नर्मदेचं पाणी क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर उघडं ठेवा. त्यात मूठभर वाळलं गवत उकळून गार करा आणि कमळाच्या कुंडीतलं किंवा कुंडीखालच्या ताटलीत बरेच दिवस साचलेलं चमचाभर पाणी घाला. डास होऊ नयेत म्हणून वर फडकं बांधा. आठवड्याभरानं पृष्ठभागाजवळचा थेंब घ्या. चपलेच्या तळव्यासारखे पॅरामिशियम सापडले तर ते इतके पळतात की डोळा पुरत नाही. कापसाचे चार-पाच धागे विंचरून थेंबात टाका, म्हणजे ते जाळ्यात अडकून जागच्या जागी राहतील.

कडेनं झुलणारे रोम दिसतील, ते आतून त्याच सूक्ष्मनलिकांचे बनलेले आहेत. बाजूला तोंडाची खाच आणि आत जाणाऱ्या अन्नाच्या पिशव्या. दोन्ही टोकांजवळ एकेक पारदर्शक तारा आळीपाळीनं फुगतो आणि एकदम नाहीसा होतो. ती संकोची रिक्तिका. बाहेरच्या गोड्या पाण्यातून पाणी सारखं आत शिरत असतं, आणि ती ते उपसत असते. कांद्याला भित्तिका होती म्हणून तो फुटला नाही. हिला भित्तिका नाही.

हातात घड्याळ घ्या आणि ती किती सेकंदांनी मिटते ते दहा वेळा मोजून सरासरी वहीत लिहा. मग काचेच्या कडेनं अगदी फिकं मिठाचं पाणी, पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ एवढंच, टिपकागदानं आत ओढा, दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. आकडा वाढला की कमी झाला, आणि का, हे त्याच पानावर खाली लिहा.